उन्हाकडं तोंड

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज दवाखान्यात तुमच्या आठवणीने मला हसू आवरेना, म्हणून लिहायला बसलोय. राहात्याच्या बाजारात शेळी विकत घेताना तुम्ही आधी तिचं तोंड उन्हाकडं वळवायचात. पापणी खाली ओढून डोळा बघायचात, मग केस बाजूला सारून कातडी. मी कॉलेजात असताना एकदा घाईघाईने एक धष्टपुष्ट शेळी पसंत केली, तर सगळ्या बाजारासमोर स्वतःच्या पोराला म्हणालात, "पुस्तकं लई वाचली, पर डोळं उघडून बघाय शिकला न्हाई!" तिला खरूज निघाली. मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

आता मी त्वचेचा डॉक्टर आहे. तीन महिन्यांपूर्वी एक नवरदेव आला. हातांवर, गालांवर खाजवून काढलेल्या खपल्या. "डॉक्टर, धा दिवसांनी हळद हाय. तोंड तेवढं साफ करा." मी ॲलर्जी समजून मलम दिलं. चार दिवसांत तो परत आला, खपल्या दुप्पट. तेव्हा कुठे मला तुमचं बोलणं आठवलं. त्याला हाताला धरून दाराबाहेर उभा केला, पापणी ओढली. भर उन्हात डोळ्यातल्या बाहुल्या बारीक व्हायला हव्यात, याच्या वाटाण्याएवढ्या! "कातडीखाली किडे फिरल्यासारखं होतं ना?" विचारलं, तर तो रडायलाच लागला. मित्राने दिलेली, रसायनांपासून बनवलेली नशेची पावडर. सहा महिने चालू होती, आणि होणाऱ्या बायकोला पत्ता नव्हता. "तिला सांगितल्याशिवाय हळद लावायची नाही," मी म्हणालो. मी कोण लागून गेलो सांगणारा, पण सांगितलं.

त्याने खरंच सांगितलं. लग्न पुढे गेलं, मोडलं नाही. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे तीच त्याला नेते, आज इथेही घेऊन आली. खपल्या वाळल्यात. मी त्याला उन्हात काढलं, तर ती पुढे सरसावली. "थांबा, मी बगते," म्हणत तिने पापणी अशी ओढली की तो ओरडला, "आगं, हळू!" बाहुली झटकन बारीक झाली. आम्ही तिघंही खो-खो हसलो. फार आनंद झाला, अण्णा.

मग तिने विचारलं, "डॉक्टर, उन्हात असं बगायचं कुठं शिकलात?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टेबलाच्या खणातच राहील, म्हणून सांगून टाकतो. जो माणूस माझ्या शब्दाखातर एवढं खरं बोलला, त्याच्यासमोर मी म्हणालो, "मेडिकल कॉलेजात."