चौदाव्या नोंदीची दुरुस्ती

मी, पोलिक्सेनी अर्गिरिस व्हेर्गुला, वय अठ्ठ्याऐंशी, मुलींच्या शाळेतील निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार कास्तोरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी नणंद एव्हांथिया हिला. यजमान वारल्यापासून ती खालच्या मजल्यावर राहते. तळे दिसणारी वरची खोली तिला हवी आहे, पण ती तोंडाने कधी म्हणणार नाही. तिचा पलंग वर न्यावा.

२. यजमानांची फर शिवायची दोन यंत्रे त्यांचे जुने कारागीर स्टेर्गिओस यांना. समोरच्या कलिओपीकडे माझे तांब्याचे मोठे पातेले अकरा वर्षे पडून आहे. ते तिलाच राहू द्यावे. मात्र ते माझे होते, हे तिला चारचौघांत सांगावे.

३. यजमानांनी चाळीस वर्षांत जमवलेला संग्रह, म्हणजे लाकडी फळ्यांवरची एकेचाळीस जुनी पवित्र चित्रे, सहा ब्राँझचे क्रूस, चर्मपत्रावरची सोनेरी अक्षरांची तीन पाने आणि त्यांनी लिहिलेली नोंदवही, मी जिथे शिकले त्या विद्यापीठाला. काहीही विकू नये. चौदावे चित्र मात्र एव्हांथिया हयात असेपर्यंत तिच्याकडेच राहील. त्यापुढे दिवा लावायचा की नाही, हे ती ठरवेल.

एक अट आहे.

चौदावे चित्र माता मरिया व बाळ यांचे आहे. त्यापुढे यजमानांनी वहीत लिहिले आहे, "मातेचा डावा गाल व बाळाची बोटे माझ्या बहिणीच्या अडाणीपणामुळे नष्ट." विद्यापीठ ही वही जशीच्या तशी छापणार आहे, असे तिथल्या संग्रहालयाच्या बाईंचे पत्र आले. ही नोंद खोटी आहे.

१९७४ साली, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, आम्ही दोघी अंडी लाल रंगवत होतो. रंग पक्का बसावा म्हणून आणलेले व्हिनेगर ओट्यावर होते. एव्हांथिया म्हणाली, "वहिनी, दिव्याच्या काजळीनं मातेचं तोंड बघ कसं झालंय!" मी म्हणाले, "व्हिनेगर लाव थोडं, निघेल." अशा चित्राच्या रंगाखाली खडूचा थर असतो. खडूवर व्हिनेगर पडले की फेस येऊन तो विरघळतो, हे मी दर वर्षी वर्गात मुलींना करून दाखवत होते. त्या दिवशी मला ते आठवले नाही.

यजमान घरी आले. "कोणी केलं हे?" मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "मी, दादा." जिन्यात तिने मलाच दटावले, "गप्प बस. तुला याच्यासमोर रोज जेवायला बसायचंय. मला काय, सणासुदीचं येणं!"

ते येणेही बंद झाले. एकोणतीस वर्षे दर ईस्टरला तिने पाठवलेली लाल अंडी आमच्या दारातून परत गेली. परत नेऊन देणारी मीच होते. २००३ साली यजमान वारले, तोवर मी बोलले नाही. मला भीती वाटत होती. दुसरे कारण नाही.

म्हणून चौदावी नोंद खाली दिल्याप्रमाणे दुरुस्त करूनच वही छापावी. विद्यापीठाला हे मान्य नसल्यास सगळा संग्रह आमच्या गल्लीतल्या चर्चला द्यावा. तिथे बायका चित्रांचे मुके घेतात आणि दिवसभर मेणबत्त्या जळतात. संग्रहालयाच्या बाईंनी शांतपणे विचार करावा.

नवी नोंद काल एव्हांथियाला वाचून दाखवली, "पोलिक्सेनीच्या सल्ल्यामुळे नष्ट. बहिणीचा दोष नाही."

"अर्धंच लिहिलंस," ती म्हणाली. "पुसलं कोणी? फडकं माझं होतं."

"हा कायद्याचा कागद आहे, एव्हांथिया."

"मग खरं लिही की! इतकी वर्षं दोघींनी मिळून सांभाळलं, आता एकटीच्या नावावर करतेस होय?"

तिचे म्हणणे मला मान्य आहे. छापायची नोंद अशी:

"चित्र १४. मातेचा डावा गाल व बाळाची बोटे नाहीत. व्हिनेगर पोलिक्सेनीचे, फडके एव्हांथियाचे."

कास्तोरिया, ९ नोव्हेंबर २०२१
सही: पोलिक्सेनी व्हेर्गुला

साक्षीदार:
थोमास बाकालिस, औषधविक्रेते
रालू झिसी, निवृत्त शिक्षिका