न्हाणीघरातले काका

प्रिय काका,

सख्ख्या धाकट्या भावाला काका म्हणून पत्र लिहिणारी बहीण जगात मी एकटीच असेन. पण तुला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही आणि पेनही वळेना.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल, आणि फार थांबून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिनं सांगितलं. त्यावर तू काय म्हणालास तेही सांगितलं. ‘आवाजच गेला तर मागे उरणार कोण?’ एवढं बोलून तू खोलीत गेलास आणि आतून कडी लावलीस. रडत होती बिचारी. मी म्हटलं, मी त्याला पत्र लिहिते. तर म्हणाली, ‘अहो वन्सं, फोनच करा ना, हल्ली फुकट असतो.’ फुकटची वस्तू मी नाकारल्याचं हे पहिलंच उदाहरण, तेव्हा पत्र नीट वाच. कागदाला हसू नकोस. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आहेत, शाई छान उठते.

आज सकाळी देवापुढे बसले होते. डोळे मिटल्यावर देव दिसावा, तर मला दिसलं आपलं न्हाणीघर. हिरवं दार, खालून कुजलेलं, आणि आत वाहणारा नळ. बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष. आई शाळेचे गणवेश शिवायची आणि गठ्ठे दुकानांत पोचवायला जायची. कामाचे निरोप यायचे म्हणून टेलिफोन तेवढा तिनं ठेवला होता. आणि नेमका त्याच वर्षी तुझा आवाज फुटला. वय अकरा, अंगात आखूड झालेली चड्डी, आणि आवाज निवृत्त हेडमास्तरांचा! दुकानात पेन्सिल मागितलीस, तर दुकानदार तुझ्या डोक्यावरून पलीकडे बघत नोकराला म्हणाला, ‘अरे, आधी साहेबांना दे.’ आणि साहेब काही सापडेनात.

घरमालकांना आपल्या दोन खोल्या दुकानाच्या मालासाठी हव्या होत्या. ‘घरात कर्ता माणूस नाही, तुम्ही आपल्या माहेरी जा,’ म्हणून ते आईच्या मागे लागले होते. आई रात्रंदिवस यंत्र चालवायची, पण त्यांचं नाव निघालं की तिचा पाय थांबायचा. एका दुपारी त्यांचा फोन आला. आई बाहेर, तू उचललास. नुसतं ‘बोला’ म्हणालास आणि पलीकडे मालक एकदम नरमले. ‘आपण कोण?’ तू माझ्याकडे बघितलंस, मी घाबरून भिंतीकडे बघितलं, आणि तू म्हणालास, ‘मी मुलांचा काका. आता इथंच असतो.’ खोल्यांचा विषय निघाला तेव्हा बाबांचं वाक्य जसंच्या तसं टाकलंस, ‘बघू या, विचार करून कळवतो.’

मग त्यांना तुझ्याशी बोलायची गोडीच लागली. खोल्या राहिल्या बाजूला, त्यांनी आपल्या मुलाचं गाऱ्हाणं मांडलं. अभ्यास नको, सारखा चेंडू. तू खाकरून सांगितलंस, ‘सुट्टीत मुलांना पुस्तकाला हात लावू देऊ नये, डोकं तापतं. आणि संध्याकाळी आइस्क्रीम द्यावं, त्यानं ते निवतं.’ मी तोंडात फ्रॉकची बाही कोंबून हसत होते. मालकांनी ते खरंच केलं. मुलगा म्हणे वळणावर आला, आणि शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी मालक फळांची पिशवी घेऊन आभार मानायला थेट आपल्या दारात!

तू न्हाणीघरात पळालास. कडी लावता लावता फटीतून कुजबुजलास, ‘ताई, एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.’ मी मालकांना म्हटलं, काका अंघोळ करताहेत. वाटलं, जातील. तर त्यांनी खुर्ची ओढली आणि बंद दारासमोर ठाण मांडलं. ‘सावकाश होऊ द्या, आपण असंच बोलू.’ मी दाराला पाठ लावून उभी, हात मागे. ते विचारायचे, मी बोटानं ठोकायचे, तू आतून गर्जायचास. ‘आपण आता इथं कायमचे?’ एक ठोका. ‘हो!’ ‘मग वहिनींना खोल्यांचं...’ मी दोन ठोके मारायच्या आत आई आली. तिला काय ठाऊक! तिनं दारावर थापाच मारल्या. ‘गधड्या, शाळेची घंटा होईल आता! बाहेर ये, तंगडं मोडते तुझं!’

आत नळ बंद झाला. कडी काही निघेना. मालक उठून उभे राहिले, कानशिलं लाल. मागच्या खिडकीतून तू सहज उडी मारू शकला असतास, एरवी मारायचासच. मग कडी निघाली. डोक्यावर साबणाचा फेस, चड्डी ओली. तू तोंड उघडलंस, पण नुसती हवा आली. मालक आईवर ओरडायला वळले, तसा तू मधे जाऊन उभा राहिलास. आईला पाठीशी घेऊन, त्यांच्या पोटाएवढा.

त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मग पिशवी खाली ठेवली. ‘काका, डोकं पुसा, सर्दी होईल,’ म्हणाले आणि गेले. खोल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. ती फळं जमेच्या बाजूला कशी मांडायची, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून तू सगळ्या गल्लीचा काका. पुढं त्याच आवाजावर स्टेशनात घोषणांची नोकरी. आई मुद्दाम फलाटावर जाऊन बसायची. गाडी उशिरा धावत असली की खूश, तेवढं तू जास्त बोलायचास म्हणून.

काकाच्या आवाजानं घर वाचवलं, असं सगळे हसून सांगतात. तूही तसंच सांगतोस. पण दारापाशी मी होते. आवाजानं मालक फसले, एवढंच. ते वरमले तू बाहेर येऊन उभा राहिलास तेव्हा, आणि त्या वेळी तुझ्या तोंडातून अक्षर फुटत नव्हतं. मागे उरणार कोण, विचारतोस ना? तो उरेल. देवाजवळ मी त्यालाच मागितलंय.

फोन का केला नाही, ते आता सांगते. तू ‘ताई, बघू या, विचार करून कळवतो’ म्हणाला असतास, आणि त्या आवाजापुढे माझं कधी चाललंय? रविवारी संध्याकाळी मात्र करीन. उचलायचा, बोलायचं नाही. पुढं आपल्याला असंच बोलायचं आहे, तर सवय आतापासून लावू. ऑपरेशनला तयार आहेस का, एवढंच विचारीन, तू बोटानं ठोक. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर मी उभी असेनच. आणि हो, वयामुळे हल्ली मला दुसरा ठोका ऐकू येत नाही.

तुझीच,
दाराला पाठ लावून उभी असलेली
ताई