सायवनच्या चढासाठी उंच केलेली गाडी

बाबा,

मी गाडी उंच केली. तुम्ही असतात तर तिच्याभोवती एक फेरी मारली असतीत, वाकून चाकाच्या आत बघितलं असतंत आणि विचारलं असतंत, कोणाच्या सांगण्यावरून? कोणाच्याच नाही. डोकं माझंच. ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही, तुम्ही गेल्यानंतर घेतली. कुणीतरी वापरून सोडलेली, दिसायला दांडगी, जाहिरातीत डोंगर चढणारी. प्रत्यक्षात ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. मागची दोन नुसती मागून येतात. घेताना वाटलं होतं, डहाणू रोडच्या घरापासून तलासरीच्या शाळेपर्यंत जायचं, मुलांना शिकवून परत यायचं, हायवेचा रस्ता, तेवढ्याला पुरेल. आपल्या पाड्यावर ती सारखी न्यावी लागेल असं तेव्हा मनातही नव्हतं.

आईची किडनी गेली आहे. इतकं सरळ सांगतेय, कारण डॉक्टरांनी मलाही असंच सांगितलं, फाइल बंद करता करता. आता आठवड्यातून दोनदा तिला डहाणूला डायलिसिसच्या मशीनवर ठेवायचं असतं. पहिल्यांदा मी तिला माझ्याकडेच आणलं. तुमच्या जावयाने पुढची खोली तिला दिली, खिडकीशी कॉट लावली. पण खालून भाजीवाला ओरडला की तिला वाटायचं आपल्यालाच कुणी बोलावतंय, आणि ती तिथूनच "ओ" द्यायची. कुणी येत नसे. थोड्या दिवसांनी ती जेवेनाशी झाली आणि म्हणाली, "मना घरी सोड. मशीनला येन, नाय म्हणत नाय. पण निजायला घरी." मी खूप भांडले, आणि मग सोडलं. तुम्हाला तिचं माहीतच आहे.

तेव्हापासून त्या दोन दिवशी माझं असं असतं: पहाटे उठायचं, डबा करायचा, शाळेला रजा किंवा अर्धी रजा, कासा ओलांडून सायवन, तिथून आपल्या वाटेला वळायचं, आईला घ्यायचं, डहाणूला आणायचं, मशीन संपेपर्यंत थांबायचं, परत तिला पोचवायचं आणि एकटीने परत यायचं. तुमच्या जावयाची वापीला कामाची पाळी नसेल तर तो जातो. बहुतेक वेळा असतेच. दमायला होतं, बाबा. पाय दुखतात म्हणून नाही सांगत. आता कुणी "कशी आहेस" विचारलं तर उत्तर द्यायचाही कंटाळा येतो, तसलं दमणं.

आणि आपली वाट तशीच आहे. ओहळ, मग चढ, चढावर उघडे पडलेले दगड. पावसाळ्यानंतर तर मधली माती धुऊन गेली आणि दगड आणखी वर आले. दर खेपेला गाडीचं पोट घासायचं. तो आवाज माझ्या दातांत जायचा. एक दिवस आईला घेऊन उतरत होते, मधल्या मोठ्या दगडावर गाडी बसली आणि खाली काहीतरी फुटलं. उतरून पाहिलं तर चेंबर फुटला होता. सगळं ऑइल त्या दगडांवरून ओहळाकडे काळं काळं उतरत होतं. मशीनची वेळ होत आलेली. पाड्यावरची माणसं धावत आली, एकाने बांबू आणला, एकीने घरातली जाड चादर आणली. झोळी करायला त्यांना वेळ लागत नाही, सवय आहे.

आई गाडीतून उतरली आणि दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "मी झोळीत नाय बसायची."

मी म्हटलं, "आई, रस्त्यापर्यंतच. तिथून रिक्षा बोलावते."

"त्यांना नेलं ना त्याच्यात. परत आणलं का?"

बांबू धरलेल्या माणसाने तो खाली ठेवला. तुम्हाला नेलं तेव्हा मी पालघरला शिकवत होते, म्हणून मी ऐकलंय तेवढंच मला माहीत आहे. छातीत कळ आल्यावर याच चढावरून तुम्हाला उतरवलं, झोळी रस्त्याला टेकेपर्यंत तुम्ही गेला होतात, आणि आई तुमची चप्पल हातात घेऊन मागून चालत होती, दवाखान्यात पोचल्यावर लागेल म्हणून. त्या दिवशी ती माझ्या खांद्याला धरून पायीच उतरली, दिसेल त्या दगडावर बसत बसत. पोचेपर्यंत मशीन दुसऱ्याला लागलं होतं. पुन्हा आमचा नंबर येईपर्यंत तिचे पाय सुजून गुळगुळीत झाले आणि श्वास घरघरायला लागला. मी तिथल्या बाकावर बसून ठरवलं, की वाट माझ्याच्याने नीट व्हायची नाही, गाडी उंच होईल.

तुमचा याला विरोध असता. आपण अच्छाडला राहायचो तेव्हा तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन यायचे, ते आठवतं. हायवेच्या कडेला ट्रकांची रांग, ढाब्याच्या तव्याचा वास आणि त्यात तुमचा घण. तुम्ही ट्रकांच्या स्प्रिंगचे पाटे काढून भट्टीत घालून पुन्हा बाक द्यायचात. एखादा ड्रायव्हर म्हणायचा, मिस्त्री, एक पाटा जास्त टाका, मागून उंच करा. तुम्ही म्हणायचात, "उंच केलीस तर वळणावर मना आठवशील." तो हसायचा आणि पलीकडच्या शेडमध्ये जाऊन करून घ्यायचा. तुटलेल्या पाट्याची एक विळी तुम्ही मला लग्नात करून दिलीत. सासरच्यांना ती भांड्यांच्या शेजारी मांडायला लाज वाटली होती. आजही मी तिच्यावरच भाजी चिरते, धार लावायला नेली की तो माणूस विचारतो, कुठनं आणली.

शेडमधली एक थप्पडही लक्षात आहे. ट्रक जॅकवर होता आणि माझं पेन त्याच्याखाली घरंगळलं. मी हात घातला. तुम्ही तिकडून आलात आणि पाठीत अशी मारलीत की पांढऱ्या शर्टावर ग्रीसची पाच बोटं उठली. "जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाय. टेकूला घोडी लावल्याबिगर नाय. पेन गेलं तर जाऊ दे." दुसऱ्या दिवशी बाईंनी शर्टाचं विचारलं तेव्हा मी पडले म्हणून सांगितलं. आईने तो डाग रॉकेलने चोळला, तरी वर्ष संपेपर्यंत तो होता.

तर गाडी. कंपनीचा आख्खा किट, नवे स्प्रिंग, नवे शॉकअप, ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तलासरीत एक मिस्त्री आहे, उंबरगावकडचा, गुजराती. त्याने साधा उपाय सांगितला. पुढे शॉकअपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या, मागे स्प्रिंगच्या वर कडक रबराची गोल बैठक. जुनंच सामान राहतं, फक्त मधे ठोकळा येतो.

"किती उंच?" मी विचारलं.

त्याने दोन बोटं आडवी धरली. "आटलंच, बेन. याच्यावर गेलं तर एक्सल तिरका राहणार, जॉइंट खाऊन टाकेल. अने एक बात आधीच बोलतो. गाडी उंच होणार, ताकत नाय वाढणार. आगळचे, पुढचे दोन चाक जागेवर फिरले तर फिरले."

"माहीत आहे. मला नुसतं पोट वाचवायचंय."

"कुठे जाते तुमी हिला घेऊन?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "रविवारी या. दुसरी गाडी नाय घेत त्या दिवशी."

रविवारी मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. त्याने बॉनेट उघडून वरचे तीन नट ढिले केले, चाक काढलं, ब्रेकचा पाइप सोडवून तारेने बाजूला बांधला, खालचे मोठे बोल्ट गंजले होते त्यावर तेल सोडून वाट बघितली, मग हातोडीने मारले. आख्खा शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर आला. मी पहिल्यांदाच तो असा पाहिला, गाडीचा पाय काढून ठेवल्यासारखा. डोक्यावर चकती बसली, लांब बोल्ट आले, आणि तो परत जागेवर जाईना. त्याने आणि हाताखालच्या पोऱ्याने दांडा लावून चाकाचा खालचा आर्म दाबला तेव्हा भोकं जुळली. मागच्या बाजूला काम सोपं होतं, शॉकअप खालून सोडला की मागचा एक्सल खाली येतो आणि स्प्रिंग हाताने निघते. तिथेच ते झालं. घाईत त्याने घोडी लावली नव्हती, गाडी नुसत्या जॅकवर होती, आणि तो स्प्रिंग ओढायला खांद्यापर्यंत आत गेला. मी स्टूल पाडून उठले आणि ओरडले, "हात बाहेर! आधी घोडी लाव!" अरे-तुरे केलं मी त्याला, चारचौघांत, तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. तो दचकून बाहेर आला. माझ्याकडे बघत राहिला. मग उठून घोडी आणली, लावली, आणि कामाला लागताना म्हणाला, "टीचर आहे ना तुमी?" मी हो म्हटलं. आणि पाडलेलं स्टूल उभं केलं.

अलाइनमेंट करून घेतलं, दिवे खाली वळवून घेतले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. घरी येताना कळलं की गाडीचं चालणं बदललंय. वळणावर ती बाहेरच्या बाजूला कलते. तुम्ही त्या ड्रायव्हरांना जे सांगायचात ते खरं होतं. मी वेग कमी केला. माझ्या वयाला आणि त्या गाडीला तो वेग शोभतो.

पुढच्या खेपेला सायवन सोडून आपल्या वाटेला वळले. ओहळात पुढची चाकं वाळूत नुसती फिरली, मिस्त्री म्हणाला होता तशी. मागे घेतली, थोडी डावीकडून घातली, निघाली. मग चढ. मी दात आवळून त्या आवाजाची वाट बघत होते आणि आवाज आला नाही. तो मोठा दगड खालून गेला, मी आरशात तो मागे पडलेला पाहिला, त्याच्यावर ऑइलचा काळा डाग अजून होता. वर पोचेपर्यंत मी एकदाही ब्रेकवर उभी राहिले नाही. खूप दिवसांनी मला काहीतरी जमलंय असं वाटलं.

आई अंगणात तयार बसली होती, पिशवी मांडीवर. उठून गाडीपाशी आली. दार धरलं, एक पाय उचलला, आणि तो आत पोचेना. गुडघा तेवढा वाकेनाच. तिने दुसरा पाय करून पाहिला. मी मागून आधार दिला. शेजारणीने पाट आणून ठेवला, तो उतारावर सरकला. पुन्हा केलं. आई घामाघूम झाली. मग तिने दार सोडलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू वाटंसाठी उंच केलीस. मी राहिली खालीच."

आणि हसायला लागली. शेजारीण हसली, तिची सून हसली, आई तर खोकला येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही. मी दाराला टेकून उभी राहिले आणि मला वाटलं, आता इथेच खाली बसावं, सगळं राहू दे, मशीन राहू दे, मला कुणी उठवू नये. पण वेळ होत होती. मी तिच्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीमागे एक, आणि उचललं. तिचं वजन मी दर खेपेला दवाखान्याच्या काट्यावर बघते, आकडा मला पाठ असतो. हातात घेतल्यावर ती त्या आकड्याहून कितीतरी कमी लागली. ती घाबरली. तिने दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, चेहरा मानेशी आणला आणि म्हणाली, "टाकू नको गं मना."

आता तसंच चालतं. पाड्यावर उचलून वर, दवाखान्यात उचलून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. माझी कंबर रात्री वळू देत नाही, गोळी घेऊन निजते. गाडी मात्र अजून कुठे अडकली नाही आणि आईची मशीनची एकही खेप चुकलेली नाही. पायांची सूज उतरलीये. परवा तिने मला भाकरी करून दिली, वाटेत खायला. हे चांगलं झालं तेवढं सांगायचं होतं.

हे मी दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून लिहितेय, आई आत मशीनवर आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आईलाही येत नाही. घरी आलेला प्रत्येक कागद मीच मोठ्याने वाचायचे, तुम्ही दोघं समोर बसायचात. तुम्ही असतात आणि हे पोस्टात टाकलं असतं, तरी येऊन मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि आता जे लिहितेय तिथे मी थांबले असते, आईसमोर पुढे वाचलं नसतं.

मिस्त्रीने दाराखाली बसवायला लोखंडी पायरी करून दिलीये. रुंद, चांगली, वर खरखरीत पत्रा, आईचा पाय आरामात चढेल अशी. बसवायला चार बोल्ट लागतात. तो भेटला की विचारतो, "बेन, क्यारे आणता गाडी?" मी म्हणते, येत्या रविवारी. ती पायरी कधीची डिकीत पडून आहे, वर मी चटई टाकलीये, आईला दिसू नये म्हणून. लहानपणी ती मला कधी जवळ घ्यायची का, मला आठवत नाही, कामातच असायची. आता आठवड्यातून दोन दिवस ती माझ्या गळ्यात हात टाकते.