बोटभर फट

सॉल्टर्स बे, ३ सप्टेंबर १९६९

चि. सौ. एनिड हिस अ. आ.

समुद्रात शिरलेल्या या करमणुकीच्या धक्क्यावर माझ्या हातचं काय आहे ते एकदा लिहूनच ठेवतो: एकशे बारा बाकांच्या पाठी, वेड्यावाकड्या आरशांच्या दालनाचं दार, नाणं टाकलं की भविष्य सांगणाऱ्या, काचेच्या पेटीतल्या लाकडी म्हातारीचा उजवा हात आणि तीन हजार चाळीस फळ्या. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. सगळं सुतारकाम बघून बघून शिकलो.

नव्या मालकांनी नाचघरात जुगाराची यंत्रं भरलीत. बँडच्या चौथऱ्यावर आता तेलकट कांदे परततात. किळस येते. त्यावर कडी म्हणजे, बायकांच्या बुटांच्या टाचा फटींत अडकतात म्हणून सगळ्या फळ्यांवर प्लास्टिकचं हिरवं गवत डांबरानं चिकटवलंय! १८७२ साली बांधणाऱ्यांनी दोन फळ्यांत बोटभर फट मुद्दाम ठेवली, खालची लाट तिच्यातून उसळून निघून जावी म्हणून. फट बुजली की लाट फळीच उचलणार. व्यवस्थापक पिंचबेकला हे सांगितलं, तर म्हणाला की सुतारानं खिळे ठोकावेत, समुद्राचं आम्ही बघू.

माया आहे तशीच ठेव.
तुझा हेडलीदादा

लीड्स, ९ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

पत्र ऐकून आमचे हे म्हणाले की तुझा भाऊ आता लाटांचाही वकील झाला! त्याच फटीतून तू माझी पेनी पाडली होतीस, आठवतं? बुजल्या ते बरंच झालं. रागावू नकोस. पण पन्नाशीनंतर दुसरं काम कोण देणार? त्या गवतावर थुंकायचंच असेल तर मनातल्या मनात थुंक.

लोभ पातळ करू नकोस.
तुझी एनिड

सॉल्टर्स बे, २२ जानेवारी १९७०

चि. सौ. एनिड हिस अ. आ.

मंगळवारच्या वादळात व्हायचं तेच झालं. पाण्याला वाट मिळेना. नाचघरापुढच्या वीस यार्ड फळ्या सतरंजी झटकावी तशा गवतासकट उलटल्या. माणूस कुणी गेलं नाही. वाळूत ते हिरवं प्लास्टिक मेलेल्या माशांना गुंडाळून पडलंय. शिसारी येते बघून.

काल पिंचबेक घरी आला. पहिल्यांदाच मला 'मिस्टर ट्रबशॉ' म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं. माझा केक संपवून बोटं चाटत म्हणाला की फळ्या कुजक्या होत्या असं मी लिहून द्यावं, म्हणजे दोष गवतावर येणार नाही, विमा सुटेल आणि माझी नोकरीही राहील. माझ्या फळ्या! वाहून आलेली एक ओढून आणली होती, ती त्याच्यासमोर कापली. आतून मधासारखी पिवळी, टणक. त्यानं पाहिलंही नाही.

आज कामावरून काढलं. मनातल्या मनात थुंकणं जमलं नाही. तरी दादावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा हेडलीदादा

ता. क. तुझ्या यांना सांग, त्या एका सहीचे आठशे पौंड देत होते. मी नाही म्हटलं.