पितरांच्या पंधरवड्यात संपलेला विमा

१० सप्टेंबर २००३, बुध.
शाळेतून येताना मंचरला शिंदे विमावाले भेटले. गाडीचा विमा १६ ला संपतोय. "गुरुजी, या खेपेला नीट ठरवा. दुसऱ्याला लागलं तर त्याच्यापुरता थर्ड पार्टी घ्यायचाच आहे. आपली गाडी मोडली, चोरीला गेली, तर फुल. मागं बसणाऱ्याचा वेगळा." आठ वर्षं नुसता थर्ड पार्टीच काढतोय. खरं म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद, दुसरं काय. माझं मन फुलवर. गेल्या महिन्यात अवसरीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. गाडी गेली तर घोडेगावच्या पुढं शाळेत पोचायचं कसं? सुमनला विचारलं.
"मागं मी बसते, आन् तुमी गाडीचं बघताय."
विषय बदलला.

१२ सप्टें., शुक्र.
ठरलं, फुल. मंचरला निघालो तर आई दारात. कालपासून पितरांचा पंधरवडा लागलाय.
"या दिवसांत नवं काय घ्यायचं न्हाई."
"अगं, नवं कुठंय? तोच विमा पुढं चालू."
"तारीख नवी, पैसं नवं, कागद नवा. मग जुनं काय ऱ्हायलं त्यात?"
चाळीस पोरांना गणित शिकवतो, पण हिच्यापुढं पाटी कोरी. तडजोड: विमा घटस्थापनेला, २६ ला. तोवर गाडी पडवीत, मी जीपने. दहा दिवसांचा तर प्रश्न.

१६ सप्टें., मंगळ.
आज रात्री बाराला संपतो. गाडी पुसली, वर गोणपाट टाकलं. किल्ली नेहमीच्या खिळ्याला. उद्या बाबांची तिथी. ताई-दाजी सकाळीच येणार.

१७ सप्टें., बुध.
रात्र फार झालीय. तरी लिहितो.
दुपारी पान वाढलं, घास पत्र्यावर ठेवला. कावळा येईना. अर्धा तास झाला, सगळे उपाशी. ताट पाहून दाजींचा धीर सुटला. "विहिरीवर लई कावळे असत्यात. तिकडंबी ठेवून येतो एक घास." मी आत भात काढत होतो. आमच्या आळीत गाडी नेताना कुणी विचारत नाही, खिळ्यावरची किल्ली सगळ्यांची. आणि हे तर घरचे जावई. गोणपाट काढलं आणि गेले.
थोड्या वेळाने चालत परतले. सदऱ्यावर खीर.
पुलापाशी बिरूआबांची मेंढरं रस्त्यात होती. दाजींनी ब्रेक मारला, गाडी घसरली ती आबांच्या पायावर. हे आबा दरसाल आमच्या रानात मेंढरं बसवतात. लेंडीखत त्यांचं, पीक आमचं. त्यांची आठवण मला नंतर आली. आधी डोक्यात आलं, विमा बारा तासांपूर्वी संपलाय. दाजी कानाशी लागले, "आज काढू विमा, आबा उद्या पडले म्हणू." लाज याची वाटली की माझ्याही मनात तेच चाललं होतं.
टेम्पोतून मंचरला नेलं. आबा विव्हळत नव्हते, एकच विचारत होते, "पाय गेला तर मेंढरांमागं कोण जाईल, गुरुजी?" पाय खरंच मोडला असला तर? या माणसाचं सगळं घर पायांवर चालतं.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. हाड शाबूत! मुरगळलाय, पंधरा दिवस टेकायचा नाही. बाकावर बसलो आणि चक्क रडलो. आबाच पाठीवरून हात फिरवत होते.
घरी आलो तर सगळे जेवलेले. सुमनने सांगितलं: बातमी कळल्यावर आई अंगणात हात जोडून उभी राहिली. "अवो, चुकलं माजं. पंधरवडा असू द्या, उद्याच इमा काढंल पोरगं. आता शिवा." आणि कावळा आला. ताईला वेगळं विचारलं. तीही तेच सांगते.

१८ सप्टें., गुरु.
रजा टाकली. आईनेच हाकललं, "जा लवकर, शबूद दिलाय मी." शिंदेंना सगळं खरं सांगितलं.
"कालचं यात बसणार न्हाई बरं का, गुरुजी."
"कालचं माझं. ते मी बघतो."
थर्ड पार्टी घेतला, मागं बसणाऱ्याचाही घेतला. मध्ये खंड पडल्याने फुलसाठी माणूस येऊन गाडी तपासणार. म्हटलं, ते सवडीने. चोराची भीती कालपासून कुठं गेली कळत नाही. आठ वर्षं ज्याला पोलिसाचा कागद म्हणत होतो, तो बिरूआबांचा होता. एवढं कळायला त्यांचा पाय मुरगळावा लागला. शिक्षक म्हणे.

२१ सप्टें., रवि.
दाजी आबांची मेंढरं राखताहेत! कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून इथंच राहिले. हातात काठी, डोक्याला टॉवेल, मेंढरं एकीकडे आणि जावई दुसरीकडे. आबा बाजेवरून ओरडतात, "पावणं, हुबं ऱ्हावा, ती येत्यात आपसूक!" शाळेच्या दिवशी सकाळी ते, संध्याकाळी मी. खूप दिवसांनी असा हसलो.

५ ऑक्टो., रवि. दसरा.
आबा काठी टेकत आले. पाय टेकतो, नीट टेकतो. फार हलकं वाटलं.
गाडीला झेंडूची माळ. आईने हळदकुंकू आधी विम्याच्या कागदाला लावलं, मग गाडीला. आबांना लेकीकडं सोनं द्यायला नारायणगावला जायचं होतं. म्हटलं, बसा.
आई फाटकाशी. "कागदात मागचा माणूस हाय ना रं?"
"आहे."
"मग सावकाश जा."
आबा लहान पोरासारखे खांदा घट्ट धरून बसले होते. वाटेत एकदाच बोलले, "मेंढरांपेक्षा बरी पळती."
परतलो, सवयीने किल्ली खिळ्याकडे गेली. मागून दाजी:
"गुरुजी, जरा मंचरला जाऊन येऊ का गाडीवर? न्हाई म्हणलात तरी राग न्हाई."
आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. एवढं लिहून होईपर्यंत ते अंगणातच उभे आहेत. किल्ली माझ्या डाव्या हातात आहे.