नामदेवची साक्ष

रवि., ५ जाने.
थंडी हाडात शिरलीय. चर्चच्या मराठी भक्तीला आम्ही पाच-सहा म्हातारेच. जवान पोरं त्यानंतरच्या तेलुगू भक्तीला, तिथं ड्रम आहे. आमच्याकडे टाळ आणि माझा बसलेला गळा.
पण आज नामदेव साक्ष द्यायला उभा राहिला! चौथीपर्यंत माझ्या शेजारी तरटावर बसणारा नामदेव. पुढं मी मास्तर झालो, तो गुडीहत्नूरकडे वांगी-कोथिंबीर पिकवत राहिला. दसऱ्याच्या सुमाराला त्याला टीबी निघाला. तेव्हापासून त्याच्या खाटेशी बसतो, सुवार्ता सांगतो, प्रार्थना करतो. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तरनं डोक्यावर हात ठेवला अन् मी बरा झालो. खोकला गेला. भूक लागून राह्यली."
टाळ्या. पास्टरांनी त्याला तेलुगू भक्तीलाही थांबवलं. तो मराठीत बोलला, मी तेलुगूत सांगितलं. सांगताना आवाज चढला माझा, कविता म्हणताना चढायचा तसा. इतक्या वर्षांत माझ्या शब्दानं कोणी आलं ते हे पहिलंच. माझी बायको सुशीला आज असती तर...

बुध., ८ जाने.
नामदेवकडे गेलो. त्याच्या बायकोनं, गिरजानं, फाटकातच अडवलं. "भाऊजी, रविवारपासून गोळी नाही घेतली यायनं."
आत गेलो. "काऊन रे?"
"बरा झालो ना आता."
"दवाखान्यानं सहा महिने सांगितल्या."
"दोघांकडं हात पसरला तं देव रुसते, मास्तर. एकाले नवस बोलायचा अन् दुसऱ्याच्या पायऱ्या चढायच्या, असं कोनी करते का?"
गोळीही देवाचीच, डॉक्टरही देवाचाच, हे सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तो हसला. "शाळेत बी तू असाच. कविता पाठ नसली का अर्थ सांगत बसायचा."
त्याला अजून सगळ्या पाठ आहेत. शेवटी दोघांनी एक म्हटलीच, चालीवर. शाळेच्या खिडकीतून सागाची पानं दिसायची, वाऱ्यात ती हातभर पानं वाजायची आणि आम्ही त्या आवाजावर ओरडून म्हणायचो. गुरुजी डोळे मिटून ऐकत. मला तेव्हा वाटे, स्वर्ग असला तर असाच असेल, दुपारची सुट्टी व्हायच्या जरा आधीचा.
गोळीचं राहूनच गेलं. परतीची बस चुकली. ऑटोत पाय आखडले.

शुक्र., १० जाने.
पास्टरांशी बोललो. मुलाच्या वयाचे, सरळ माणूस. "मास्टरगारू, गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलं का?" नाही म्हटलं. मीही नाही म्हटलं. तरी बंद झाल्या. "तुमचं ऐकतात ते. तुम्हीच समजवा."
समजावण्यातच जन्म गेला. आता दम लागतो.
दिवसभर एकच मनात. नामदेवला सांगावं, काल स्वप्नात प्रभू आला, म्हणाला नामदेवला सांग, गोळी घे. लगेच घेईल. एक शब्द विचारणार नाही. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.
नाही होणार माझ्यानं. त्याच तोंडानं उद्या सुवार्ता कशी सांगू?
पण तो मेला तर? मग कोणाला सांगू?

मंगळ., १४ जाने. संक्रांत.
गिरजानं तीळगूळ दिला. ती अजून तिच्या देवांचीच, माझ्या प्रार्थनेलाही कधी नाही म्हणत नाही. आतून नामदेवचा खोकला. परत आलाय. सकाळी दवाखान्याची सिस्टर आली तर हा वांग्यांत लपून बसला म्हणे! या वयात!
आज मी काही समजावलं नाही. नुसता बसलो. मग तोच बोलला.
"लोक हसून राह्यले होते, मास्तर. म्हनत, देव बदलला तं टीबी बदलते का. म्या म्हटलं, पाहा, बरा झालो. तिकडं भक्तीत बी चार लोकांत उभा राहून बोललो. तू तं तेलगूत बी सांगतलं. आता कोन्त्या तोंडानं गोळी घेऊ? मी खोटा पडतो. तुहा देव बी खोटा पडते."
म्हणजे माझ्या देवाची अब्रू राखायला हा माणूस खोकतोय.
घरी आलो. तीळगूळ खिशातच राहिला. दिवा लावावासा वाटला नाही. अंधारातच प्रार्थनेला बसलो, शब्द आला नाही.

रवि., १९ जाने.
मराठी भक्तीत उभा राहिलो.
म्हटलं, नामदेव बरा होतोय, झालेला नाही. झाला असं तेलुगूत मी सांगितलं, घाईनं, कारण मला फार आनंद झाला होता. देवानं त्याला सोडलेलं नाही. गोळी घेतली तरी नाही, खोकला आला तरी नाही. मला एवढीच सुवार्ता ठाऊक आहे. आणि मी स्वतः सकाळी बीपीची गोळी घेऊन आलोय.
टाळी नाही. मग पुढच्या चटईवरची म्हातारी, "माही बी साखरेची चालू हाय." तिच्या मागून कोणी, "माही गुडघ्याची." "तुही काय, तुले तं डब्बाभर लागते!" हसले सगळे. मी खाली बसलो.
तेलुगू भक्तीत पुन्हा उठलो तर पास्टरांनी दंड धरला. वाटलं, थांबवतायत. म्हणाले, "तुम्ही बसा. मी सांगतो." आणि सांगितलं. सगळं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत.
नामदेव मराठी भक्तीला मागे चपलांजवळ बसला होता. वर पाहिलं नाही. शेवटच्या प्रार्थनेआधीच उठून गेला.

सोम., २० जाने.
जाऊ की नको करत गेलो. नामदेव वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून पाठ केली. "चार लोकांत नाक कापलं माहं."
कापलंच.
गिरजानं चहा दिला. हळूच म्हणाली, "काल घरी आले अन् गोळ्याचं पाकीट मांगलं. मले म्हने, तिकडं पाह्य. म्या चुलीकडं तोंड केलं. पानी पेल्याचा आवाज आला."
"घेतली मग?"
"पानी पेले एवढं खरं. पाकिटातली कमी झाली. तोंडात गेली का वांग्यात, मले काय मालूम? तिकडं पाह्य म्हटलं तं तिकडं पाह्यलं."
"आज?"
"आज अजून मांगलं नाही."
कप ठेवला, शेताच्या बांधावर त्याच्याजवळ जाऊन बसलो. जा म्हणाला नाही. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत राहिला. ऊन चढलं तसा खोकला वाढला. फावडं टाकून तोही बसला, जरा लांब.
"प्रार्थना करू?"
त्यानं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. मग, "कर. पन हळू कर. लोक आयकतेत."
डोळे मिटले. मधेच त्याला ढास लागे. मी थांबे. ढास ओसरली की पुढचं वाक्य.