काठीवरचा भार

सोमवार, ४

फिजिओथेरपीच्या वॉर्डातले माझे पेशंट, मास्तर, काठीवर भारच देत नाहीत! डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. काठी उजव्या हातात, अगदी बरोबर – पण टोक जमिनीला नुसतं लावतात. काठीला फिरायला नेल्यासारखं.

"जिच्यावर रेललो ती वेळेला उचलणार कशी?" म्हणतात.

हापकिडो शिकवतात ते. कोरियन युद्धकला. त्यात म्हातारपणाची काठीसुद्धा हत्यार! मला हे ठाऊकच नव्हतं.

मंगळवार, ५

खुर्चीत बसूनच दाखवलं. काठीच्या आकड्यात माझं मनगट अडकवलं, जरासं फिरवलं – आणि मी वाकलेच! "दुखलं का गं?" मी नाही म्हणाले. दुखलं होतं. खोटं का बोलले?

घरी छत्रीने आईवर करून पाहिलं. "एवढं शिकवलं ते मारामाऱ्या करायला?" हसली. मग म्हणाली, "तो माणूस तुझ्या हातून पडला तर? आपल्यात शिकलेलं दुसरं आहे कोण, तुझ्या बाजूने बोलायला?"



बुधवार, ६

मोठ्या मॅडम शुक्रवारी तपासणार. भार देऊन चालले नाहीत तर एकट्याने घरी सोडायचं नाही. मग लेक त्यांना तिच्या गावी नेणार आणि वर्ग कायमचा बंद. मास्तर काठी पुसत बसले.

गुरुवार, ७

सहज विचारलं, "सर, काठी हत्यार आहे हे समोरच्याने ओळखलं तर?"

"मग संपलंच. त्याला वाटलं पाहिजे, बिचारं लंगडं म्हातारं आहे."

"तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही. नाटक जमत नाही तुम्हाला." – तोंडातून निघून गेलं!

डोळे वटारले. उठले. काठी आणि डावा पाय एकदम टाकला, अंग काठीवर सोडलं. अगदी पुस्तकातल्यासारखं!

"आता?"

"अजून खरं वाटत नाही."

असं म्हणत म्हणत अख्खा व्हरांडा चालवलं.

पण पेशंटला असं फसवायचं असतं? कोणाला विचारू?

शुक्रवार, ८

मॅडम म्हणाल्या, "छान! जाऊ द्या यांना घरी." त्या वळल्यावर मास्तरांनी मला डोळा मारला. "फसल्या की नाही?"

सोमवारपासून वर्ग सुरू. आईला सांगताना रडूच आलं.

मंगळवार, १२

बसच्या खिडकीतून मास्तर दिसले. वर्ग संपवून घरी निघालेले, गल्लीत एकटेच. फसवायला समोर कोणी नव्हतं. तरी दर पावलाला सगळं अंग काठीवर होतं.